तुम्ही विचारलंत म्हणून : धूर पावडरचा नव्हताच

शूटिंग रेंजवर शेजारच्या लेनमधले नेमबाज विचारतात. गणपतीत मंडळात भेटलेली, नुकतीच हँडगन घेतलेली तरुण मुलंही विचारतात : "काका, तुमच्या रिव्हॉल्व्हरमधून पूर्वी केवढा ढग निघायचा, आता काहीच दिसत नाही. पावडर कुठली बदललीत?"

पावडर बदललीच नाही. डबा तोच आहे. पण एका वाक्यात हे सांगितलं की समोरच्याचा विश्वास बसत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या जुन्या प्रकारची काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. वापरलेली पितळी केस साफ करायची, तिला नवा प्रायमर (ठिणगी देणारी तळाची टोपी) बसवायचा, मोजून पावडर घालायची आणि वर शिशाची गोळी बसवायची. हे सगळं मिळून काडतूस झालं. गोळी म्हणजे नळीतून बाहेर जाते तेवढीच. हा फरक आधी सांगतो, कारण माझ्या धुराचं मूळ गोळीत होतं आणि मी ते वर्षभर पावडरमध्ये शोधत होतो.

त्या हिवाळ्यात आम्ही बंदिस्त रेंजवर जायचो. सहा गोळ्या झाडल्या की दिव्याखाली पांढुरका पडदा लटकायचा आणि सातव्या गोळीला टार्गेटवरचा काळा गोल धूसर व्हायचा. शेजारी एक आजोबा नातीला शिकवत होते. ती खोकायला लागली तसे ते तिला घेऊन चार लेन पलीकडे गेले. मला कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवशी उरलेली काडतुसं मी परत डब्यात ठेवली.

धूर दिसला की सगळे पावडरला दोष देतात, आणि त्याला इतिहासही आहे. बंदुकीची जुनी काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात मागे उरतो. धूर होतो तो त्याच कणांचा. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये धूर न करणारी दारू बनवली आणि तो प्रश्न बहुतांशी मिटला. आज आपण वापरतो ती सगळी पावडर त्याच कुळातली. ती जळून जवळजवळ पूर्णच वायू होते. मग ढग कसला?

मी एक साधा प्रयोग केला. ५० काडतुसं नेहमीच्या मेण लावलेल्या शिशाच्या गोळ्यांची भरली आणि ५० तांब्याचा मुलामा दिलेल्या, त्याच वजनाच्या गोळ्यांची. या दुसऱ्या गोळ्या बनवणाऱ्याने शिशाच्या गोळ्यांचंच माप वापरा असं स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे केस, प्रायमर, पावडर सगळं सारखं ठेवता आलं. मुलाम्याच्या गोळ्यांनी नावापुरता धूर केला. मेणाच्या गोळ्यांनी पुन्हा तोच पडदा.

निरांजन शांत झालं की वातीतून पांढरी रेघ वर जाते ना? ती न जळलेल्या तुपाची वाफ थंड होऊन दिसते. बंदुकीतही तेच घडतं. शिसं मऊ असतं, ते नळीला चिकटू नये म्हणून गोळीच्या खाचांमध्ये वंगण भरतात. निम्मं मधमाश्यांचं मेण आणि निम्मं अॅलॉक्स नावाचं वंगण हे त्याचं जुनं मिश्रण. तापलेल्या वायूने त्या मेणाची वाफ होते, बाहेरच्या थंड हवेत ती गोठते आणि आपण म्हणतो, पावडर घाण आहे. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर दोन नावांनी विकली जाते. तरीही एकीवरून दुसरीवर गेल्यावर धूर कमी झाला, असं मला मनापासून सांगणारे लोक भेटले आहेत.

म्हणून पहिला उपाय बिनखर्ची. मी गोळ्या पातळ वंगणात बुडवून दोन-दोन थर देत असे. ते थांबवलं, एकच पातळ थर ठेवला आणि गोळीचा तळ पुसून कोरडा केला. आग थेट तळाला भिडते, तिथल्या मेणाचा उपयोग शून्य आणि धूर मात्र भरपूर. एवढ्यावरच डोळ्यांना जाणवेल इतका फरक पडला.

दुसरी गोष्ट गोळीच्या जाडीची. माझ्या सिलिंडरच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) प्रत्येक कप्प्याचं तोंड .३५८ इंच भरलं आणि विकत आणलेल्या गोळ्या .३५७ होत्या. एक हजारांश इंच. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या फटीतून तापलेला वायू गोळीच्या कडेने पुढे धावतो, शिसं खरवडतो आणि नळीत लिंपत जातो. तुमची नळी आणि कप्पे स्वतः मोजा, पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका. गोळी कप्प्याच्या तोंडाइतकी हवी. कठीण गोळी नेहमीच चांगली हाही गैरसमज आहे. कठीणपणाच्या ब्रिनेल मापात शुद्ध शिसं ५ च्या आसपास आणि गाडीच्या चाकांचा तोल साधणाऱ्या वजनांचं शिसं १२ च्या आसपास येतं. .३८ च्या मंद दाबाला हे १२ चं शिसं पुरतं. त्याहून फार कठीण गोळी त्या दाबाने फुगत नाही आणि फट तशीच राहते. साचलेलं शिसं काढायला जुन्या ब्रशवर तांब्याच्या घासणीच्या तारा गुंडाळा. घासणीला आधी चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत पोलाद आहे, ती नळीत घालू नका.

काजळीची गोष्ट वेगळी, तिथे मात्र पावडरचा संबंध येतो. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराची, काळ्या दारूच्या हिशेबाने आखलेली केस. आजची पावडर तिच्या तळाशी थोडीशी पडून असते. शिवाय या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ९ एमएम पिस्तुलाच्या काडतुसाची ३५,०००. दाब कमी पडला की पितळ फुगून कप्प्याच्या भिंतीला घट्ट टेकत नाही, वायू मागे येतो आणि केसच्या अंगावर काळे पट्टे उठतात. अगदी हलकी काडतुसं भरणाऱ्यांना हे हमखास दिसतं. मी मापांच्या छापील पुस्तकातल्या मर्यादेच्या आतच किमान मापावरून मधल्या मापावर आलो आणि क्रिम्प, म्हणजे गोळीभोवती केसच्या तोंडाची मूठ, घट्ट केला. गोळी क्षणभर धरून ठेवली की पावडर नीट पेटते. काजळी घटली, न जळलेले पिवळसर कणही दिसेनासे झाले.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगतो. काजळीसाठी कमाल मापाच्या वर कधीही जाऊ नका. या मोठ्या केसमध्ये पावडरची दोन मापं चुकून सहज मावतात आणि वरून कळतही नाही. गोळी बसवण्याआधी मी टॉर्च घेऊन प्रत्येक केसमध्ये डोकावतो. माझं माप मी कुणाला देत नाही, तुम्हालाही देणार नाही. पुस्तक विकत घ्या. आणि पुण्याहून विचारणाऱ्या भाच्यांना सांगतो, भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतो, यातलं काही तिथे करून बघू नका.

शेवटचा पडदा हटला तो रंगाने. पॉलिस्टरची कोरडी पावडर-कोट भुकटी, प्लॅस्टिकच्या डब्यात गोळ्यांबरोबर हलवायची. घर्षणाच्या विजेने ती गोळीला चिकटते. मग सुमारे २०० अंश सेल्सिअसला २० मिनिटं भाजायचं. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही खाण्याचं काही ठेवायचं नाही. माझा ओव्हन गॅरेजमध्येच असतो आणि त्यावर लाल अक्षरांत तसं लिहिलेलं आहे. नीट भाजली गेलेली गोळी अॅसिटोनने पुसली तरी रंग सोडत नाही, हातोडीने चेपली तरी पापुद्रा निघत नाही. त्यानंतर ती .३५८ च्या डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या साच्यातून, काढतो. केसचं तोंड थोडं जास्त उघडावं लागतं, नाहीतर गोळी बसवताना रंग खरवडला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. आता मेणच नाही, त्यामुळे ढगही नाही.

पण धूर गेला म्हणजे शिसं गेलं असं समजू नका. बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफ्नेट हे शिशाचं स्फोटक संयुग असतं आणि त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. त्या हिवाळ्यानंतर माझ्या रक्तातलं शिसं डेसिलिटरला १४ मायक्रोग्रॅम निघालं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने लहान मुलांसाठी २०२१ पासून ३.५ ही लक्ष देण्याची रेषा ठरवली आहे, आणि माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या रात्री मी नीट झोपलो नाही. केस कोरड्या भुश्यात घोळवून साफ करायचो, तिची धूळ गॅरेजभर उडायची. ते बंद करून पाण्यात, स्टीलच्या बारीक पिनांबरोबर धुवायला लागलो. रेंजचे कपडे आणि बूट घरात येत नाहीत, हात आधी गार पाण्याने आणि साबणाने धुतो. मुलीची तपासणी केली, तिचं ठीक निघालं. माझं पुढच्या वर्षी ५ वर आलं.

एवढं वाचून तुम्ही विचाराल की सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर उरलेल्या त्या काळ्या कड्यांचं काय करू. काही करू नका. त्या घासायला गेलात तर पोलादाची झिलई जाईल, आणि पहिल्याच सहा गोळ्यांनंतर कडी पुन्हा तिथे असेल.