डेटा फाइल मागेच राहिली : पायथॉन पॅकेज तपासण्याचा माझा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दोघांचं छोटं ऑफिस आहे. बिलावरचा पत्ता वाचून गाव कोणत्या तालुक्यातलं ते ओळखायचं, एवढंच काम करणारं एक पॅकेज (दुसऱ्या सॉफ्टवेअरला वापरता येणारा प्रोग्रॅमचा संच) आम्ही पायथॉन या भाषेत लिहिलं. प्रोग्रॅम म्हणाल तर दोनशे ओळींचासुद्धा नाही. खरी मेहनत आहे ती त्याच्यासोबत जाणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या यादीत. कोल्हापूर जिल्ह्याचे १२ तालुके, त्यातली गावं, आणि लोक ती नावं कशी कशी लिहितात ते. गडहिंग्लजचं गडिंग्लज होतं, कुणी पूर्ण लिहितं, कुणी दोन अक्षरांवर भागवतं. जुनी बिलं चाळून ही यादी मी हातानं केली आहे आणि माझा तिच्यावर जीव आहे. हीच फाइल आमची दोन सॉफ्टवेअर वापरतात : एक बिलिंगचं, एक गाडीचा मार्ग ठरवणारं.

पहिली मागणी आली शाहू मार्केट यार्डातल्या एका पशुखाद्य व्यापाऱ्यांकडून. प्रोग्रॅम नीट चालतो का हे तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट माझ्या लॅपटॉपवर पास होत्या. पॅकेजची व्हील फाइल, म्हणजे दुसरीकडे बसवण्यासाठी बांधलेलं गाठोडं, केली, त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या व्यापारी काकांचा फोन.

"ताई, मशीन काय दाखवंना झालंय बघा. नुसती लाल अक्षरं आल्यात."

लाल अक्षरांत लिहिलं होतं की फाइल सापडत नाही. मला आधी वाटलं, त्यांच्याकडून काही पुसलं गेलं असेल. तसं मी त्यांना विचारलंही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक सर्वस्वी माझी होती.

व्हील म्हणजे शेवटी झिप फाइलच. ती उघडून आत काय आहे ते बघायचं मला आधी कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी उघडली. प्रोग्रॅमच्या सगळ्या फाइली होत्या, सीएसव्ही नव्हती. पॅकेज कसं बांधायचं ते सांगायला आमच्याकडे जुन्या पद्धतीची सेटअप डॉट पाय ही फाइल होती. मॅनिफेस्ट डॉट इन या यादीच्या फाइलमध्ये मी सीएसव्हीचं नाव लिहिलं होतं आणि तेवढं पुरतं असं धरून चालले होते. ती यादी सोर्स आर्काइव्हसाठी, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या गाठोड्यासाठी असते. व्हीलमध्ये डेटा फाइल जायची तर सेटअपमध्ये पॅकेज डेटा म्हणून ती नोंदवावी लागते, किंवा इन्क्लूड पॅकेज डेटा हा पर्याय चालू ठेवावा लागतो. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

मग टेस्ट पास कशा झाल्या? या प्रश्नानं मला दोन रात्री झोप लागली नाही. उत्तर कळलं तेव्हा फार साधं निघालं. मी टेस्ट प्रोजेक्टच्याच फोल्डरमधून चालवत होते, आणि पॅकेज एडिटेबल पद्धतीनं, म्हणजे मूळ फोल्डरलाच जोडून बसवलेलं होतं. म्हणजे पायथॉन बसवलेलं पॅकेज तपासतच नव्हता, माझा मूळ फोल्डर तपासत होता. तिथे फाइल असणारच! काकांच्या हातात जे जाणार होतं त्याची तपासणी एकदाही झाली नव्हती.

मी ज्यांच्याकडून प्रोग्रॅमिंग शिकले ते सर आता टाकाळ्याला राहतात. त्यांनी बरीच वर्षं पर्ल या भाषेत काम केलं. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "हे दुखणं जुनं आहे गं." पर्लमध्ये बसवलेल्या पॅकेजच्या सामायिक फाइली शोधायला फाइल-शेअरडिर नावाचं मॉड्यूल आहे. पण पॅकेज बसवण्याआधी टेस्ट चालवायची तर त्या फाइली त्यांच्या ठरलेल्या जागी नसतात. म्हणून टेस्ट-फाइल-शेअरडिर हे दुसरं मॉड्यूल टेस्टपुरता तात्पुरता फोल्डर करून फाइली जणू बसवल्याच आहेत असं भासवतं. "पण लक्षात ठेव," सर म्हणाले, "प्रोग्रॅमला फाइल सापडते का हा एक प्रश्न आणि फाइल गिऱ्हाइकापर्यंत जाते का हा दुसरा. पहिल्याची टेस्ट दुसऱ्याचं उत्तर देत नाही." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

मग कामाला लागले. सगळा प्रोग्रॅम सोर्स नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवला, म्हणजे टेस्ट चालवताना चुकूनही मूळ फोल्डर वापरला जाऊ नये. फाइलचा पत्ता हातानं जोडत बसण्याऐवजी, पॅकेजमधल्या फाइली शोधून देणारं पायथॉनचं इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस हे मॉड्यूल वापरायला घेतलं. हे पायथॉन ३.७ पासून आहे, आणि त्यातलं फाइल्स हे सोयीचं फंक्शन ३.९ पासून. टेस्ट चालवायची रीतही बदलली : आधी व्हील बनवायची, कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथॉनमध्ये) बसवायची, भलत्याच रिकाम्या फोल्डरमध्ये जायचं आणि मग टेस्ट. टॉक्स हे साधन बरंचसं असंच करतं. वेळ थोडा जास्त लागतो. मला तो द्यावासा वाटतो.

नवी व्हील घेऊन मार्केट यार्डात गेले. या वेळी फाइल पोचली होती, पण उघडेना! बाइट वाचता येत नाही, अशी तक्रार. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, काकांकडे विंडोज. फाइल उघडताना मी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटच्या (० ते २५५ मधल्या आकड्यांच्या) रूपात साठवायची पद्धत, सांगितलं नव्हतं, त्यामुळे विंडोजवर पायथॉननं सीपी १२५२ हे तिथलं ठरलेलं एन्कोडिंग धरलं. फाइल होती यूटीएफ-८ या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये.

पण मी विंडोजवरही टेस्ट चालवल्या होत्या आणि त्या पास झाल्या होत्या. याचं कारण शोधताना जे सापडलं ते सविस्तर सांगते, कारण देवनागरी डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. सीपी १२५२ मध्ये फक्त पाच बाइट रिकामे आहेत, म्हणजे त्यांना कोणतंच अक्षर नेमलेलं नाही : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. यातला एखादा आला तरच पायथॉन तक्रार करतो, नाहीतर गुपचूप भलतीच अक्षरं वाचून पुढे जातो. हलंत म्हणजे जोडाक्षर करताना लागणारं चिन्ह, त्याचा शेवटचा बाइट १४१. ह्रस्व उकाराचा १२९. आता आपले १२ तालुके घ्या. पन्हाळा आणि गडहिंग्लज या नावांत जोडाक्षर आहे, भुदरगडमध्ये ह्रस्व उकार. ही तीनच नावं एरर देतात. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड ही नऊ नावं बिनतक्रार वाचली जातात आणि त्यांचा नुसता चिखल होतो.

टेस्ट लवकर संपाव्यात म्हणून मी तीन ओळींची एक छोटी नमुना फाइल केली होती. करवीर, कागल, शिरोळ. आणि टेस्ट काय तपासत होती, तर तीन ओळी आल्या का. त्या येत होत्या.

यानंतर दोन गोष्टी पक्क्या केल्या. फाइल उघडताना प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं. पायथॉन ३.१० पासून, एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर इशारा देणारा एक पर्याय आहे, तो टेस्टमध्ये कायमचा चालू केला. दुसरं म्हणजे नमुना फाइल ठेवली, पण पॅकेजसोबत जाणारी खरी फाइल उघडणारी टेस्टही वेगळी लिहिली. ती तालुके १२ आहेत का हे मोजते आणि नावं अक्षरशः ताडून बघते.

मध्ये एकदा सहकाऱ्यानं काही गावं वाढवली आणि फाइल एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केली. एक्सेल अशा फाइलच्या सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट टाकतं, त्यामुळे पहिल्या स्तंभाचं शीर्षक बदललं आणि प्रोग्रॅमला तो स्तंभ सापडेना. या वेळी मात्र टेस्टनं आमच्याच ऑफिसात पकडलं. पाच मिनिटांचं काम होतं.

आता ती सीएसव्ही स्वतंत्र पॅकेजमध्ये आहे, तिला स्वतःचा आवृत्ती क्रमांक आहे. दोन्ही सॉफ्टवेअर तिच्यावर अवलंबून आहेत, त्यामुळे गावाचं नाव दुरुस्त करायचं तर ते एकाच जागी होतं. टेस्टमध्ये त्या पाचही बाइटांसाठी एकेक शब्द मुद्दाम घातला आहे. पन्हाळा आणि भुदरगड होतेच. १४३ वर संपणाऱ्या ए साठी आणि १४४ वर संपणाऱ्या ऐ साठी एकोंडी आणि ऐनापूर ही आपल्याच जिल्ह्यातली गावं मिळाली. १५७ वर संपणाऱ्या झ साठी अजून नुसतं अक्षरच ठेवलं आहे, यादीतून चांगलं गाव निवडलं की तेही घालीन.