तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेल्या तुडतुड्यात एवढं काय आहे?

"शेतकी शिकलात ना, मग आमच्या उसावरच्या पाकोळीचं काहीतरी बघा की, दहा कोटी वर्षांपूर्वीच्या तुडतुड्याचं काय घेऊन बसलात?" गावाकडे गेलं की कुणी ना कुणी हे विचारतंच. उभ्या उसाची काळजी असलेला माणूस हेच विचारणार, पण याचं उत्तर पारावर उभ्याउभ्या देता येत नाही म्हणून लिहितोय.

पाकोळी म्हणजे पायरिला. ती आणि भातावरचे तपकिरी तुडतुडे एकाच मोठ्या गोतावळ्यातले, सोंड खुपसून रस पिणारे, धक्का लागला की टुणकन उडणारे. या गोतावळ्यातली काही घराणी पार संपली, त्यातलं एक मिमारॅक्निडी, आज जगात त्यातला एकही उरलेला नाही. रशियातल्या बुर्यातियात दगडात सापडलेल्या, याच घराण्यातल्या मिमारॅक्ने या किड्याच्या पंखांवर तर चक्क कोळ्यासारखी नक्षी आहे, बहुतेक खाणाऱ्याला घाबरवायला. याच घराण्यातला माझा लाडका म्हणजे डाचिबँगस ट्रायमॅक्युलेटस, त्यांच्यात दांडगाच म्हणायचा, म्यानमारच्या काचिन राज्यातल्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या चिकाच्या दगड झालेल्या गोळ्यात, सापडला आणि २०१८ मध्ये चीन-पोलंडच्या संशोधकांनी त्याचं वर्णन छापलं. तिथल्या खडकातल्या झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांवरून त्या अंबरचं वय काढलंय, साधारण ९ कोटी ८८ लाख वर्षं.

दगडात तुडतुड्याचा बऱ्याचदा नुसता पंख मिळतो, मग शिरांच्या जाळीवरून घराणं ठरवत बसा. अंबरमध्ये अख्खा किडा असतो. तुकडा घासून पॉलिश करायचा आणि मायक्रोस्कोपखाली हळूहळू फिरवायचा, मग कळतं की या गोतावळ्यातल्यांची मिशी डोळ्याच्या खालून निघते, तिचं दुसरं पेर फुगीर असतं, मागच्या नडगीच्या टोकाला काट्यांची रांग असते. आता तुमच्या उसावरची पाकोळी पकडून भिंगाखाली धरा, हीच मांडणी दिसेल! ऊस नव्हता, भात नव्हता, फुलांची झाडं नुकती कुठे पसरत होती, तेव्हापासून ही ठेवण चालत आलीय, आणि तरी त्यातली एक फांदी संपली अन् दुसरी आपल्या पिकावर येऊन बसली, ते का, हे मला शोधावंसं वाटतं. माझा अंदाज असा की ज्या झाडांचा रस ते प्यायचे तीच मागे पडली असणार, पण अंदाजाने भागत नाही, त्यासाठी सोंड, पाय, चेहरा सगळं नीट बघायला लागतं आणि ते अंबरमध्येच दिसतं.

"मग एक तुकडा विकत घेऊन ठेवा की," असंही म्हणतात. नाही घेणार. हे अंबर निघतं त्या काचिनमधल्या हुकाँग खोऱ्यातल्या खाणींवर २०१७ मध्ये म्यानमारच्या लष्कराने ताबा घेतला, तिथली माणसं घरदार सोडून पळाली, आणि अंबरचा पैसा कुणाच्या खिशात जातो हे तेव्हापासून जगभर विचारलं जातंय. आधीच म्युझियममध्ये असलेले नमुने अभ्यासायला पुष्कळ आहेत. तुम्हालाही ऑनलाइन किडा असलेलं बर्मी अंबरचं पेंडंट दिसलं तर ते कुठल्या खाणीतलं आणि कधी काढलेलं, हे आधी विचारा. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर घेऊ नका.