दिलेले आमंत्रण मागे घेता येते, म्हणून

माझ्या वाचनाविषयी बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा स्वतः चांगली वाचक असतात. "एवढे वाचन असून व्हॅम्पायर आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांच्या या प्रेमकथा तुम्ही इतक्या मनापासून कशा वाचता? शेवट तर आधीच ठाऊक असतो." तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर उत्तर देते. थोडक्यात सांगायचे तर, दुसऱ्याला आपल्या आयुष्यात कुठवर येऊ द्यावे आणि एकदा येऊ दिल्यावर त्याला बाहेर जा म्हणण्याचा हक्क आपल्याकडे उरतो का, या प्रश्नाचा इतका बारकाईने विचार करणारा दुसरा लोकप्रिय साहित्यप्रकार मला भेटलेला नाही.

या कथा दोन नावांनी ओळखल्या जातात: पॅरानॉर्मल रोमान्स, म्हणजे अलौकिक पात्रांच्या प्रेमकथा, आणि अर्बन फँटसी, म्हणजे शहरात जादू वावरते अशा कथा. आधी या नावांचा घोळ निस्तरू. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये प्रेम हेच कथानक असते. एका पुस्तकात एका जोडप्याची गोष्ट सुरू होऊन सुखान्ताला पोहोचते आणि पुढच्या पुस्तकात आधीचे एखादे दुय्यम पात्र नायक किंवा नायिका होते. अर्बन फँटसीत बहुधा तीच नायिका, किंवा तोच नायक, अनेक पुस्तके चालत राहतो. प्रत्येक पुस्तकाला स्वतःचे गूढ किंवा संकट असते आणि प्रेम त्याच्या कडेकडेने, सावकाश वाढते. या दुसऱ्या प्रवाहाचे आजचे रूप १९८० च्या दशकात घडू लागले. चार्ल्स डी लिंटने 'मूनहार्ट'मध्ये (१९८४) ओटावा शहरात आणि एमा बुलने 'वॉर फॉर द ओक्स'मध्ये (१९८७) मिनिआपोलिसमध्ये जुन्या लोककथांतली जादू आणून सोडली. १९९३ मध्ये लॉरेल हॅमिल्टनच्या 'गिल्टी प्लेझर्स'ने सेंट लुईसमधल्या व्हॅम्पायरांना थेट कायद्याने हक्क देऊन टाकले, आणि मग दोन्ही प्रवाह एकमेकांत इतके मिसळले की आज कित्येक पुस्तके कोणत्या कप्प्यात ठेवावीत यावर चाहत्यांचे एकमत होत नाही. मला दोन्ही सारखेच प्रिय आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) व्हॅम्पायरचा माग काढणारा प्राध्यापक व्हॅन हेलसिंग आपल्या सोबत्यांना या शत्रूच्या मर्यादा समजावून सांगतो. त्यांपैकी एक अशी की घरातल्या कोणीतरी बोलावल्याखेरीज तो पहिल्यांदा आत पाऊल टाकू शकत नाही. मात्र एकदा बोलावले की त्यानंतर तो मनाला येईल तेव्हा येऊ शकतो. हा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा कितीतरी भीतिदायक वाटतो. होकार एकदाच द्यायचा, आणि तो दिला की विषय कायमचा संपला.

शार्लेन हॅरिसच्या सूकी स्टॅकहाउस मालिकेत या नियमाचे काय झाले ते पाहा. सूकी लुइझियानातल्या एका छोट्या गावातल्या बारमध्ये वेट्रेस आहे आणि तिला इतरांच्या मनातले ऐकू येते. ही देणगी नसून छळ आहे, कारण समोर बसलेला तरुण आपल्याविषयी नेमके काय विचार करतो हे ऐकत त्याच्याशी गोड बोलणे कोणालाही शक्य नाही. व्हॅम्पायरांची मने मात्र तिला ऐकू येत नाहीत. बिल नावाचा व्हॅम्पायर तिच्या टेबलापाशी येऊन बसतो तेव्हा तिला पहिल्यांदा कोणाच्या तरी सहवासात शांतता लाभते, आणि ती त्याच्याकडे ओढली जाण्याचे मुख्य कारण मला हीच शांतता वाटते. पुढे २००३ मधल्या 'क्लब डेड'च्या शेवटी, फसवणूक आणि दगदग यांनी पुरती थकलेली सूकी स्वतःच्या घरात उभी राहून बिलला आणि त्याच्याहून सामर्थ्यवान अशा एरिकला दिलेले आमंत्रण मागे घेते. एवढे शब्द उच्चारताच दोघांनाही, इच्छा असो वा नसो, मागे मागे सरत दाराबाहेर जावे लागते. एका हाताने तिचा जीव घेऊ शकतील असे हे दोघे, आणि त्यांना घालवून द्यायला तिला ना शस्त्र उचलावे लागते ना कोणाची मदत मागावी लागते.

हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचते. व्हॅन हेलसिंगने सांगितलेल्या नियमात हॅरिसने एवढीच भर घातली आहे की दिलेला होकार परत घेता येतो, आणि तेवढ्याने प्रेमकथेचे सगळे गणित बदलते. आता त्या पुरुषाला आत येणे पुरत नाही, आत राहण्याची पात्रता रोज टिकवावी लागते.

जिम बुचरच्या ड्रेस्डेन मालिकेत हाच उंबरठा आणखी वेगळ्या अंगाने येतो. हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला जादूगार; टेलिफोन डिरेक्टरीत 'जादूगार' या सदराखाली त्याचे नाव आहे. त्याच्या जगात घराचा उंबरठा ही खरीखुरी शक्ती असते आणि ती विटांतून येत नाही, त्या घरात माणसे किती आणि कशी राहिली यावरून ठरते. ज्या घरात कुटुंब वर्षानुवर्षे नांदले त्याचा उंबरठा भक्कम असतो, तर एकट्या पुरुषाच्या भाड्याच्या बिऱ्हाडाचा जेमतेम. बोलावल्यावाचून तो ओलांडणाऱ्या जादूगाराला आपली बरीचशी शक्ती दाराबाहेरच ठेवून यावे लागते. कथेच्या सोयीसाठी केलेला हा नियम आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण चांगल्या अर्बन फँटसीतला नियम नेहमी असाच दुहेरी काम करतो: तो पाठलागात आणि मारामारीत उपयोगी पडतो आणि त्याच वेळी आपल्या ओळखीच्या एखाद्या अनुभवाला आकार देतो. शॉनन मग्वायरच्या ऑक्टोबर डे मालिकेत (हे नायिकेचे नाव; पहिले पुस्तक २००९) परीलोकातल्या मंडळींना आभार मानण्याची बंदी आहे, कारण आभार मानणे म्हणजे ऋण मान्य करणे. त्यामुळे कोणी कोणाचा जीव वाचवला तरी कृतज्ञता शब्दांना वळसा घालून, कृतीतूनच व्यक्त करावी लागते, आणि साधे संभाषणही किती भरलेले होते ते प्रत्यक्ष वाचल्याशिवाय कळणार नाही.

याच ठिकाणी या साहित्यप्रकारावरचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. लांडग्यांच्या कथांत 'मेट' म्हणजे नियतीने ठरवलेला जोडीदार ही कल्पना सर्रास आढळते. नायकाला पहिल्याच भेटीत वास येतो, ती आपली आहे हे कळते आणि पुढे तो तिच्यावर हक्क सांगू लागतो. मत्सराला प्रेम म्हणायचे, पाळत ठेवण्याला काळजी म्हणायचे, आणि नायिकेने थोडी चिडचिड करून शेवटी मान तुकवायची, अशी पुस्तके आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. मी ती अर्ध्यावर सोडते. नियतीने बांधलेल्या गाठीत नायिकेला 'नाही' म्हणण्याची सोयच नसेल, तर तिच्या 'हो'ला किंमत कुठून येणार?

पण चांगल्या लेखिकांनी हा आक्षेप कोणी घेण्याची वाट पाहिलेली नाही; त्यांनी तो कथेतच घेतला आहे. पॅट्रिशिया ब्रिग्जच्या मालिकेतली मर्सी थॉम्प्सन ही फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक असून कोयोटीचे, म्हणजे लांडग्याहून लहान अशा अमेरिकी रानकुत्र्याचे, रूप घेऊ शकते. तिचा शेजारी अॅडम हा स्थानिक लांडग्यांच्या कळपाचा प्रमुख. त्याने तिला न विचारताच कळपासमोर आपली जोडीदार म्हणून जाहीर केलेले असते. हेतू तिच्या रक्षणाचा असतो, तरी मर्सीला ते समजते तेव्हा ती खवळते, आणि लेखिका तिच्या रागाला क्षणिक रुसवा मानत नाही. तिचा खरा निर्णय तिसऱ्या पुस्तकापर्यंत होत नाही, आणि होतो तेव्हा तो तिने घेतलेला असतो. नलिनी सिंग यांच्या साय-चेंजलिंग मालिकेतही प्राणिरूप घेणाऱ्या जमातीत जोडीदाराची ओढ नायकाला आधी जाणवली, तरी ते बंधन स्वीकारायचे की नाही हे स्त्रीच्या हाती ठेवलेले आहे. तिथले साय लोक, म्हणजे मनाच्या अलौकिक शक्ती असलेली जमात, त्याहून विलक्षण: हिंसा आणि वेड यांपासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी १९७९ मध्ये भावनाच काढून टाकण्याचे शिक्षण स्वीकारले आणि पुढच्या पिढ्यांना लहानपणापासून त्यात घडवले. मालिकेचे पहिले पुस्तक 'स्लेव्ह टू सेन्सेशन' (२००६) शंभर वर्षांनंतरच्या काळात घडते. त्यातल्या साशाला प्रेम करण्याआधी आपल्याला काही वाटते हेच स्वतःपाशी कबूल करावे लागते, आणि तेही आजूबाजूला कोणाला सुगावा लागू न देता, कारण सुगावा लागला तर तिचे मनच पुसून टाकले जाईल.

आता राहिला शेवट ठाऊक असण्याचा प्रश्न. होय, तो ठाऊक असतो. प्रेमकथेच्या वाचकाला सुखान्ताचे वचन आधी मिळालेले असते आणि ते मोडणारी लेखिका आपले वाचक गमावते. पण शेवटाची खात्री असल्यामुळेच वाचक घाई सोडतो आणि दोन माणसे एकमेकांच्या जवळ नेमकी कशी येतात याकडे लक्ष देऊ शकतो. इलोना अँड्र्यूज या नावाने एक दांपत्य लिहिते. त्यांची केट डॅनियल्स मालिका २००७ ते २०१८ या काळात दहा कादंबऱ्यांत पूर्ण झाली. अटलांटा शहरावर जादूच्या लाटा येतात आणि ओसरतात. जादू चढली की वीज जाते, बंदुका चालत नाहीत, निळसर जादुई दिवे उजळतात, आणि मंतरलेल्या पाण्यावर चालणारी मोटार सुरू करण्यासाठी बराच वेळ मंत्र म्हणत बसावे लागते. चालू झाल्यावर तिचा आवाज असा की शेजारी बसलेल्याशी बोलणे कठीण. लाट ओसरली की पुन्हा पेट्रोल आणि काडतुसे. उंच इमारती तर जादूने केव्हाच कुरतडून पाडलेल्या. या शहरात केट भाडोत्री लढवय्यी म्हणून पोट भरते आणि जखमेवरची प्रत्येक पट्टी जाळून टाकते, कारण तिच्या रक्तावरून तिचे कूळ ओळखले गेले तर तिचा जीव जाईल. कोणालाही जवळ करायचे नाही, अशी तिला लहानपणापासून शिकवण आहे. सिंहाचे रूप घेणारा कर्रन तिला पहिल्याच पुस्तकात भेटतो, पण दोघे खऱ्या अर्थाने एकत्र येतात ते चौथ्या पुस्तकात, 'मॅजिक ब्लीड्स'मध्ये (२०१०). तोवरच्या तीन पुस्तकांत ते भांडतात, एकमेकांना टाकून बोलतात, एकमेकांसाठी रक्त सांडतात. रक्ताने माखलेली पट्टी केटने दुसऱ्याच्या नजरेस पडू देणे हा या मालिकेत चुंबनाहून मोठा विश्वास आहे, आणि वाचकाला तो जाणवतो, कारण ती पट्टी जळताना त्याने आधी अनेकदा पाहिलेली असते.

ही पुस्तके वास्तवापासून पळून जाण्यासाठी असतात असेही म्हटले जाते. मर्सीच्या मालिकेतल्या 'आयर्न किस्ड'मध्ये (२००८) तिच्यावर अत्याचार होतो. लेखिकेने पुढच्या पुस्तकात नवे संकट आणून तो प्रसंग मागे टाकलेला नाही. 'बोन क्रॉस्ड'मध्ये (२००९) मर्सीला अचानक भीतीचे झटके येतात, ज्याच्यावर ती प्रेम करते त्याच्या स्पर्शानेही ती गोठते, आणि एवढा बलवान अॅडम तिथे हात आवरून थांबतो. शत्रूला फाडून काढणे त्याला सोपे होते. तिच्या वेळेने चालणे कठीण आहे, आणि तेच तो करतो. नायकाचे सामर्थ्य या पुस्तकांत मी मोजते ते इथे. ज्याच्याजवळ अमर्याद बळ आहे त्याने ते कुठे वापरले नाही, याची इतकी स्पष्ट परीक्षा घ्यायला त्याला लांडगाच असावे लागते. सामान्य माणसाच्या बाबतीत ती इतकी उघडी दिसत नाही.

हे सगळे ऐकून झाल्यावर पुढचा प्रश्न बहुधा सुरुवात कुठून करावी हा असतो. गूढकथा आवडत असेल तर मर्सीच्या पहिल्या पुस्तकापासून, 'मून कॉल्ड'पासून (२००६) सुरू करा. त्यात प्रेम कमी आणि माणसे अधिक आहेत. प्रेमच मध्यभागी हवे असेल तर 'स्लेव्ह टू सेन्सेशन' घ्या. केटची मालिका वाचायची ठरवलीत तर पहिल्या पुस्तकावरून मत बनवू नका; ते थोडे कोरडे आहे आणि मालिकेला तिचा खरा सूर तिसऱ्या पुस्तकात सापडतो. मात्र कोणतीही मालिका घ्या, क्रमानेच वाचा. सातवे पुस्तक आधी हाती आले म्हणून तिथून सुरुवात केलीत, तर तिथे कोणी कोणाच्या घरात न विचारता शिरेल आणि त्याला कोणी अडवणार नाही, आणि त्या दोघांना तिथवर यायला काय काय सोसावे लागले ते तुम्हाला कळणारच नाही.