जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं एकदा दिवसभर कटर चालवून बघावं

आमच्या लातूरकडच्या औसा भागात पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवतीला चेनसॉ असं कुणी म्हणत नाही, कटर म्हणतात नाहीतर नुसतं मशीन. मामांचा धंदा लाकडाचा, म्हणजे बांधावरची वाळलेली बाभूळ, वादळात पडलेली चिंच, कुणी माळवद, म्हणजे जुनं मातीच्या छताचं घर, पाडायला काढलं तर त्याच्या तुळया. त्यांच्याकडं दोन मशीन आहेत, एक माझ्या लहानपणापासूनचं आणि एक मागच्या वर्षी घेतलेलं, अन् मी सुट्टीला गेलो की मला जुन्याचाच पुळका येतो.

जुनं म्हणजे डिझाइन 1960 च्या दशकातलं. शंभरच्या वर सीसीचं, म्हणजे आपल्या साध्या मोटरसायकलीएवढं इंजिन हातात धरायचं, बार, म्हणजे जिच्यावर साखळी फिरते ती लांब पट्टी, लावला की वजन बारा किलोच्या वर. चोक ओढायचा, दोरी ओढायची, एकदा फुर्र झालं की लगेच चोक बंद, विसरलात तर ते पेट्रोल पिऊन बसतं मग प्लग काढून पुसत बसा. पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑइल मिसळायचं, त्यामुळं चालू झालं की असा निळा धूर निघतो की अख्ख्या गल्लीला जुनी लुना आठवावी. नव्याला 20 मिली पुरतं.

पण खरी मजा कानाची. पेट्रोल अन् हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरला दोन स्क्रू, मामा बारीक पेचकस घेऊन ते फिरवतात आणि मान वाकडी करून ऐकतात. हवेत फुल रेस दिली की मशीन जरा फडफडलं पाहिजे, लाकडात घुसलं की तोच आवाज साफ झाला पाहिजे. हवेतच किंचाळायलं तर समजायचं पेट्रोल कमी पडायलंय, अन् पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं ऑइलही कमी, थोड्याच वेळात पिस्टन जाम. हे मामांना कुणी शिकवलं नाही, दोन पिस्टन घालवून शिकले.

नव्यात हे सगळं आतलं कॉम्प्युटर बघतं. फिल्टरमध्ये भुसा अडकला, ऊन वाढलं, की आपलं आपण पेट्रोल कमीजास्त करतं. आता तर स्टिल नावाच्या जर्मन कंपनीचं एमएस 500 आय आलंय, 79.2 सीसी, त्यात कार्बोरेटरच नाही, गाडीसारखं इंजेक्शन. मामांचं नवं तेवढं भारी नाही, पण त्यालाही स्क्रू नाहीत, बिघडलं की लातूरला न्यायचं आणि एक पोरगं लॅपटॉपला वायर जोडून सांगतं काय झालं ते. मागच्या पावसाळ्यात एका पार्टसाठी सतरा दिवस थांबवलं आम्हाला, त्या सतरा दिवसांत जुनंच कामाला आलं हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

तेही नीट नाही आलं म्हणा. त्याची पेट्रोलची नळी चिकट होऊन तुटली, कार्बोरेटरातला रबरी पडदा आखडला. हा पडदाच असतो म्हणून मशीन आडवं करा उलटं करा चालतं, मोटरसायकलीचा कार्बोरेटर असा धरला तर बंद पडंल. कारण काय तर पेट्रोलमधलं इथेनॉल, आता 20 टक्के असतं, ते ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. आणि इथेनॉल कशाचं, तर बरंचसं उसाचं. म्हणजे मामांनी घाम गाळून कारखान्याला ऊस घालायचा अन् त्याच उसानं त्यांच्या मशीनची नळी खायची, आता कुणाच्या नावानं बोंब मारावी.

चैनीच्या, म्हणजे कापणाऱ्या साखळीच्या, बाबतीत मात्र जुनं-नवं असं काही नाही. जोसेफ कॉक्स नावाच्या एका अमेरिकन लाकूडतोड्यानं 1946 साली ओंडक्यात एक अळी डावीउजवीकडं लाकूड कुरतडताना बघितली आणि त्यावरून चैनीचे दात बनवले, अजून तीच तऱ्हा चालू आहे. दोन्ही मशीनला गोल कानस लागतेच. चैन धारदार असली की ढलप्या उडतात, बोथट झाली की पिठासारखा भुसा, अन् माळवदाच्या तुळईत जुना खिळा लागला की नव्याचीही चैन गेली.

दिवाळीत मी मामांना म्हणलं, मामा, नव्यात ती मजा नाही बघा. मामा शर्टाची गुंडी लावायलेले, सकाळची थंडी होती. उजव्या हाताची दोन बोटं टोकाला पांढरीफट्ट पडलेली, गुंडी हाताला लागंना. शेवटी मामींनी लावली. मला वाटलं वय झालं, तर मामी म्हणल्या वय कशाचं, ही त्या धुडाची कृपा, दिवसभर हातात थरथर, रात्री हात झोपायचेच नाहीत. नव्यात मुठी स्प्रिंगवर असतात, इंजिनाचा धक्का हातापर्यंत फारसा येत नाही. पुढं ब्रेक असतो, बारचं टोक कुठं अडून मशीन तोंडाकडं उसळलं तर चैन जागेवर थांबते. जुन्याला ब्रेकच नाही. मामांच्या हनुवटीवरचा व्रण मी लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नव्हतं.

"लई प्रेम आलंय तर घेऊन जा की," मामा म्हणले. "मला कायला पाहिजे आता ते."

आणलं. नळी अन् पडदा बदलून घेतला, चालू होतं. सध्या पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आहे, बारमधून चैनीचं ऑइल ठिबकत राहतं म्हणून खाली पेपर टाकावा लागतो, आणि तो पेपर कुणी बदलायचा यावरून आमच्या घरात दर रविवारी चर्चा होते.