आमची वाटचाल: राऊटरच्या आधी केबल बघणारं दुकान

सोलापुरात नवी पेठेत आमचं कॉम्प्युटर रिपेअरचं छोटं दुकान होतं, विंडोज टाकून देणं आणि प्रिंटरची कार्ट्रिज भरणं एवढंच काम. मग चादर-टॉवेलचे कारखाने, लॉज, मंगल कार्यालयं सगळीकडे आयपी कॅमेरे आणि वायफाय बसायला लागले आणि आम्हीपण त्यात शिरलो. पण नाव झालं ते नवीन बसवण्यात नाही, दुसऱ्याने बसवून गेलेलं बंद पडलं की चालू करून देण्यात, आणि त्यात सगळ्यात जास्त फोन पीओईचे.

पीओई म्हणजे डेटाच्याच लॅन केबलमधून करंट पण जातो, कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग नको. सोय भारीच आहे, पण बिघडलं की सगळ्यांचं बोट राऊटरकडे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात गेलो तर शेठ वैतागलेले, "ओ, राऊटर बदलून झाला, परत तेच, आता चांगल्या कंपनीचा द्या की!" दिवसभर कॅमेरे ठीक, अंधार पडला की एकेक बंद-चालू बंद-चालू. आता अंधाराचा आणि राऊटरचा काय संबंध? अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर एलईडी, म्हणजे अंधारात दिसण्यासाठीचे दिवे, लागतात आणि चार-पाच वॅट खाणारा कॅमेरा नऊ-दहा वॅटवर जातो. सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल ज्यात येतात आणि जो त्यांना करंट देतो तो स्विच आठ पोर्टचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात ३० वॅट, पण ते एका पोर्टचं, सगळ्या पोर्टचं मिळून बजेट ६५ वॅट, ते बारीक अक्षरात. आठ कॅमेरे गुणिले दहा, करा हिशोब.

तिथंच मागच्या गोडाऊनमधला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, पण रडत होता. तो २४ व्होल्टच्या पॅसिव्ह पीओईवर, राऊटरच्याच पोर्टवरून, केबल ऐंशी-नव्वद मीटर. टोकाला मीटर लावला तर २४ बरोब्बर! इथंच भलेभले फसतात, कारण लोड नसताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणारच. ॲक्सेस पॉइंट जोडलेला ठेवून तारा उघड्या करून मोजलं, केबलच्या ४-५ नंबरच्या तारांवर प्लस, ७-८ वर मायनस, तर १८ च्या आसपास. ब्लेडने तार खरवडली, वरचं तांबं निघालं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम, म्हणजे सीसीए केबल. तांब्यापेक्षा तिचा रेझिस्टन्स साधारण दीडपट, त्यात पत्र्याच्या शेडखाली सोलापूरचा मे महिना. शुद्ध कॉपर केबल ओढली, तोच राऊटर आजपण चालतोय.

बाकी नेहमीच्या भानगडी म्हणजे इंजेक्टरची (केबलमध्ये करंट सोडणारा छोटा डबा) डेटा आणि पीओईची वायर उलटी लावलेली, नाहीतर राऊटरवर "पीओई इन" लिहिलेल्या पोर्टातून कॅमेरा चालवायचा हट्ट. अहो त्या पोर्टातून राऊटर स्वतः करंट घेतो, दुसऱ्याला देत नाही! आणि घरगुती राऊटरच्या साध्या लॅन पोर्टातून तर पीओई येतच नाही बहुतेक वेळा.

एक गोष्ट मात्र जपा. पीओईच्या एएफ, एटी स्टँडर्डचा स्विच आधी समोरच्या डिव्हाइसमध्ये २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का तपासतो, मगच करंट सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर काही विचारत नाही, थेट देतो. २४ वाल्याला ४८ चा पॅसिव्ह लावला की जळालाच म्हणून समजा, म्हणून आमच्याकडे प्रत्येक इंजेक्टरवर मार्करने व्होल्ट लिहायची पोरांना सक्तीच आहे.

सीसीए केबल आम्ही ठेवतच नाही. कोटेशन महाग दिसतं, कामं जातात, जाऊ देत. चिंचोळीकडे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जायचं असेल तर आता फायबरच टाकतो, लॅन केबलसारखी १०० मीटरच्या मर्यादेची अडचण नाही आणि वळवाच्या विजांनी पोर्ट उडायची भीती पण कमी. फायबरमधून करंट जात नाही म्हणून पलीकडच्या शेडला वेगळा पीओई स्विच लागतो, त्याचे पैसे शेठलोकांना टोचतात, पण इलाज नाही. दुकानात राऊटर घेऊन येणार असाल तर त्याचा इंजेक्टर आणि केबलचा हातभर तुकडा पण आणा, नुसत्या राऊटरवरून आम्ही काही सांगत नाही.