कुपीतील सीडीके-२ किती सक्रिय आहे?

पेशीचक्र थांबवणारी संयुगे तपासणाऱ्या प्रयोगशाळांत मानवी सीडीके-२ हे पुनर्संयोजित (जनुक दुसऱ्या पेशीत घालून तयार केलेले) विकर, म्हणजे एन्झाइम, नित्याचे झाले आहे, आणि म्हणूनच फ्रीझरमधून काढलेल्या कुपीत नेमके काय आहे याची चौकशी बहुधा होत नाही. माझे ठाम मत असे की वेष्टनावरील प्रथिनाचे वजन आणि शुद्धता एवढ्यावरून या कायनेजबद्दल, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकराबद्दल, काहीच ठरवू नये. त्याच्यासोबत कोणते सायक्लिन (त्याला जोडले जाऊन सक्रिय करणारे प्रथिन) आहे आणि फॉस्फेट कुठे बसले आहेत, हे आधी पाहावे.

सीडीके-२ हे २९८ अमिनो आम्लांचे, सुमारे ३४ किलोडाल्टनचे प्रथिन असून एकटे असताना ते जवळजवळ निष्क्रिय असते. त्याची एकट्याची स्फटिकरचना १९९३ साली आणि सायक्लिन-ए सोबतची १९९५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा या निष्क्रियतेचे कारण उघड झाले. सायक्लिन जोडले गेले की सीडीके-२ मधील एक हेलिक्स (सर्पिल भाग) आत सरकते, ५१व्या स्थानावरचे ग्लुटामिक आम्ल आपल्या योग्य जागी येते आणि वाट अडवून बसलेला टी-लूप हा प्रथिनाचा वळसा बाजूला होतो. तरीही पूर्ण क्रियाशीलता येते ती १६०व्या स्थानावरच्या थ्रिओनीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसल्यावरच, आणि मानवी पेशीत ते काम सीडीके-७, सायक्लिन-एच व मॅट-१ यांचे त्रिकूट करते. याउलट १४व्या स्थानावरच्या थ्रिओनीनवर किंवा १५व्या स्थानावरच्या टायरोसीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट असेल, तर विकराचे काम रोखले जाते.

ई. कोलाय या जिवाणूमध्ये हे त्रिकूट नसल्यामुळे तेथे तयार केलेल्या सीडीके-२ ला सक्रिय करणारे कायनेज वेगळे पुरवावे लागते. बॅक्युलोव्हायरस हा कीटकांचा विषाणू वापरून कीटकपेशींत तयार केलेल्या प्रथिनावर त्या पेशींची स्वतःची कायनेजेस फॉस्फेट बसवू शकतात, पण प्रत्येक रेणूवर तो बसेलच असे नाही. म्हणूनच शुद्धता तपासण्याच्या जेलवर एकच स्वच्छ पट्टा दाखवणाऱ्या दोन बॅचेसची क्रियाशीलता अगदी वेगळी असू शकते.

चाचणीत हिस्टोन एच-१ सारखे सब्स्ट्रेट (ज्यावर फॉस्फेट बसवायचे ते प्रथिन), मॅग्नेशियम आणि फॉस्फेट पुरवणारा एटीपी हा रेणू लागतात. यांपैकी एटीपीच्या मात्रेकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे, कारण सीडीके-२ चे बहुतेक अवरोधक (त्याचे काम रोखणारी संयुगे) एटीपीच्याच जागेसाठी स्पर्धा करतात. पेशीत एटीपी मिलिमोलर प्रमाणात असते, तर चाचणीत पुष्कळदा मायक्रोमोलर प्रमाणात, त्यामुळे कुपीत प्रभावी ठरलेले संयुग पेशीत तितकेच प्रभावी ठरेल असे मानता येत नाही. फ्लॅव्होपिरिडॉल हा असाच एटीपीशी स्पर्धा करणारा अवरोधक आहे. ते ज्या रोहिटुकीन या वनस्पतिजन्य संयुगावर आधारलेले आहे, त्यावर मुंबईच्या हेक्स्ट इंडियामध्ये काम झाले होते आणि ते ज्या झाडात सापडते, ते आपल्या पश्चिम घाटात वाढते, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रत्येक नव्या बॅचसाठी विकराची मात्रा पायरीपायरीने बदलून आधी एक आलेख काढावा, उत्पादन वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते तेवढ्याच पट्ट्यात काम करावे आणि ज्ञात अवरोधक किती मात्रेत विकर रोखतो ते जुन्या बॅचशी ताडून पाहावे. उरलेले विकर लहान लहान भाग करून उणे ८० अंश सेल्सियसला ठेवावे, म्हणजे तीच कुपी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवावी लागत नाही.