चालिप्पुळा: धबधबे जमतील, बंधाऱ्याआधी उतरा

"खाली सगळं क्लास तीन आहे, बोटीतून उतरायची कुठेच गरज नाही." केरळात तुषारगिरी धबधब्यांच्या खाली, चालिप्पुळा नदीच्या काठी, पावसात, कयाक बोटी जीपवरून उतरवताना आम्हाला हे ठामपणे सांगितलं गेलं. क्लास तीन म्हणजे मध्यम अवघड पाणी. सांगणारा नदीकाठचाच होता, बोटी भाड्याने देणारा. आम्ही विश्वास ठेवला आणि तासाभराने आमच्यातला एक जण सिमेंटच्या बंधाऱ्याखाली गरगर फिरत होता. तो वाचला, सुखरूप आहे. पण तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला त्या बंधाऱ्याची खबर आधी असायलाच हवी, म्हणून हे लिहिते आहे.

चालिप्पुळा ही केरळात कोझिकोड जिल्ह्यातली छोटी नदी. घाटातून खाली येते, पुढे इरुवंजिप्पुळेला मिळते आणि ते पाणी चालियारमधून बेपूरजवळ समुद्रात जातं. कोडेंचेरीजवळच्या पुलिक्कयमला 2013 पासून कयाकिंगचा मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, त्यामुळे वल्हवणाऱ्यांना हे नाव ओळखीचं आहे. मात्र फेस्टिव्हलच्या दिवसांत काठावर दोरी घेऊन माणसं उभी असतात, एरवी कुणी नसतं. आम्ही एरवी गेलो होतो. जुलैचा शेवट, तिघं, तिघांचाही रोल, म्हणजे उलटलेली बोट आत बसूनच सरळ करणं, पक्का.

आपल्याकडचे बहुतेक जण कोलाडला, कुंडलिकेवर शिकलेले. मीही तिथलीच. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं पाणी येतं, सकाळी ठरल्या वेळी येतं आणि रोज साधारण तेवढंच असतं. हा हिशेब चालिप्पुळेला लावू नका. ही नदी निव्वळ पावसावर चालते. वर डोंगरात तासभर कोसळला की खाली फूटभर पाणी चढतं, आणि उघडीप मिळाली की दुपारपर्यंत खडक उघडे पडतात. स्थानिक लोक मलवेळ्ळम म्हणतात ते हेच, डोंगराचं पाणी. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ते येतं. पाणी एकाएकी चहासारखं गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहायला लागल्या, की एडी (खडकामागचं किंवा काठालगतचं संथ, मागे वळणारं पाणी) मिळेल तिथे काठाला लागा आणि बोट उचलून वर चढा. पाच मिनिटं थांबून बघू, असं म्हणू नका. आम्ही निघताना काठावरच्या एका दगडावर ओल्या मातीने रेघ मारून ठेवली होती. स्कर्ट, म्हणजे कमरेभोवती बसून बोटीचं तोंड बंद करणारं कापड, चढवून होईपर्यंत रेघ बुडाली नाही, तेव्हाच पाण्यात शिरलो. एवढी साधी गोष्ट, पण ती दर वेळी करा.

पहिला टप्पा उत्तम आहे. नदी अरुंद, दोन-तीन बोटींएवढी रुंद, गोल गुळगुळीत धोंडे आणि एकामागून एक खळाळ. एडीतून एडीत उड्या मारत जायचं, पुढचं दिसत नसेल तर उतरून बघायचं. यावर जास्त लिहीत नाही, वल्हवता येणाऱ्याला इथे सांगण्यासारखं काही नाही. एवढंच, की वाकडी झाडं नदीवर आडवी झालेली असतात. पाणी फांद्यांमधून जातं, माणूस अडकतो. आडवं झाड दिसलं की लांबूनच काठ धरा.

मग दोन धबधबे लागतात. पहिला पुरुषभर उंच, दुसरा दीड पुरुष. दोन्ही स्काउट केले, म्हणजे आधी काठावरून नीट पाहिले, आणि दोन्ही मारले, म्हणजे बोटीत बसूनच उतरलो. पहिल्याला डावीकडे खडकाची चोच पुढे आली आहे, तिच्यावरून शेवटचं वल्हं जोरात ओढायचं, गुडघे वर, म्हणजे बोटीचं नाक न बुडता ती सपाट पडते आणि खालच्या होलच्या (पाणी उलटं फिरून बोट धरून ठेवतं त्या जागेच्या) पलीकडे निसटते. दुसऱ्याखाली डोह खोल आहे आणि पाणी पांढरंशुभ्र, फेसाचं. त्या फेसात सपाट पडलं तरी चालतं. हिरव्या, गच्च पाण्यात तेवढ्या उंचीवरून सपाट पडलात तर कंबरेचे मणके बोलतील. ज्यांना खालचं पाणी वाचता येत नाही त्यांनी दुसऱ्याला उजवीकडून बोट खांद्यावर घेऊन खाली यावं. वाट निसरडी आहे, पण आहे.

दुसरा मारून मी वर आले तेव्हा अशी ओरडले की घसा बसला. तो आनंद अजून अंगात आहे. आणि त्याच आनंदात आम्ही पुढची एडी सोडली. तीच चूक झाली.

धबधब्यांनंतर नदी एकदम शांत होते. बोटी एकमेकींना लागतात, लोक गप्पा मारायला लागतात. नदीने विश्रांती दिली असं वाटतं. तसं नाही, पुढे बंधारा आहे, त्याने पाणी अडवलं म्हणून ते शांत आहे. धबधब्यांच्या उताराच्या नदीत अचानक तळ्यासारखं पाणी आलं तर स्वतःला विचारा, हे कशाने अडलं आहे. पुढे बघितलं तर नदीवर इकडून तिकडे पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ असते, आणि रेघेपलीकडे झाडांचे फक्त शेंडे दिसतात, बुंधे दिसत नाहीत. नैसर्गिक धबधब्याची कड अशी सरळ कधीच नसते. आवाजही येत नाही म्हटलं तरी चालेल. धबधबा गाजतो. हा नुसता घुमतो, पोकळ, रिकाम्या हंड्यात बोललं की येतो तसा.

बंधारा पाहायला गेलात तर हसू येईल, कंबरेएवढाच. आणि इथेच लोक फसतात. पाणी वाढतं तशी खालची पातळीही चढते, त्यामुळे उंची कमी दिसते आणि मार मात्र वाढतो. वरून आलेलं पाणी तळाशी जातं आणि पृष्ठभागावरचं पाणी उलटं, बंधाऱ्याकडे, वाहत परत येतं. धबधब्याखालच्या होलला कुठेतरी फट असते, एक बाजू कमजोर असते, तिथून सुटता येतं. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा, आणि दोन्ही टोकांना सिमेंटच्या भिंती. सुटायला वाटच ठेवलेली नाही. वर पाण्यात इतकी हवा मिसळलेली की लाइफ जॅकेटसुद्धा नेहमीसारखं उचलत नाही.

आमचा दुसरा गडी कडेवरून सरळ गेला. बोट पुढे निघाली, निघालीच असं वाटलं, आणि मग कोणीतरी मागून खेचल्यासारखी परत आली. आडवी झाली. तो टेकून, पॅडलवर भार देऊन, तसाच तिथे उभा धरला गेला. पुढे सरकेना, मागे सरकेना. मग बोट उलटली. रोल झाला, पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा त्याने स्कर्ट सोडला. लाल हेल्मेट दिसायचं, भिंतीकडे जायचं, खाली जायचं, दोन हात पुढे वर यायचं, परत भिंतीकडे. बोटही त्याच्याबरोबर फिरत होती, तीच भीती जास्त होती, डोक्यात बसली असती.

मी वरच थांबू शकले होते, डाव्या काठाला, झाडाची मुळी धरून. बोट खडकावर ओढली, थ्रो बॅग, म्हणजे फेकायच्या दोरीची पिशवी, घेतली आणि भिंतीवरून धावत खाली गेले. मैत्रीण माझ्या मागे. पहिली फेक वाया गेली, दोरी त्याच्या पाठीमागे पडली. दुसरी फेक मी मुद्दाम थांबवली, तो वर यायची वाट पाहिली, हेल्मेट दिसलं तशी डोक्यावरून पलीकडे टाकली. दोरी त्याच्या खांद्यावर पडली. त्याने छातीशी धरली, हाताला गुंडाळली नाही, हे फार महत्त्वाचं. मैत्रिणीने माझं जॅकेट मागून धरलं आणि आम्ही दोघी भिंतीच्या कडेने नदीच्या दिशेला खाली चालत त्याला ओढत गेलो. उलट्या प्रवाहाची हद्द एक-दीड बोट लांब होती. ती ओलांडली आणि तो क्षणात हलका झाला, नदीनेच पुढे नेला. माझ्या दोन्ही तळव्यांना दोरीच्या रेघा उमटल्या होत्या, त्या आठवडाभर राहिल्या.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. बंधारा मारायचा नाही. पाणी कमी असो, जास्त असो, कुणी काही सांगो. शांत पाणी लागलं की डाव्या काठाला चिकटून चला, रेघेच्या खूप आधी उतरा, बोट भिंतीपलीकडे उचलून न्या. वीस मीटरची दोरी प्रत्येकाकडे हवी, गटात एकच नाही. पोहणाऱ्याला वाचवायला कुणीही बोटीतून आत शिरू नये, दोन माणसं अडकतात. चाकू जॅकेटला, हाताशी. शिटी ओठांशी.

आता पैशांचं. बोटी बरोबर नेता येत नाहीत, क्रीक बोट, म्हणजे अशा अरुंद, खडकाळ नद्यांसाठीची कयाक, वीसेक किलोची असते, त्यामुळे ती तिथेच भाड्याने घ्यावी लागते. पण हेल्मेट, जॅकेट, स्कर्ट, दोरी आणि चार तुकड्यांचं पॅडल स्वतःचंच न्या, भाड्याचे स्कर्ट कॉकपिटला नीट बसत नाहीत. माझ्या बोटीचा स्कर्ट पहिल्याच धबधब्यात उडाला असता, स्वतःचा होता म्हणून टिकला. जीपवाल्याने वर सोडायला 1,200 रुपये सांगितले आणि पुलिक्कयमला न्यायला आल्यावर 3,000 मागितले, बोटीमागे वेगळे, ओल्या माणसांचे वेगळे. गारठलेल्या, थकलेल्या माणसांना भांडायचं त्राण नसतं हे त्याला पुरतं माहीत होतं. आम्ही दिले, आणि मला अजून राग आहे. निघण्याआधी माणसं, बोटी, जाणं, येणं, थांबण्याची वेळ, सगळं धरून एकच आकडा ठरवा आणि मोबाइलवर लिहून त्याला दाखवा.

तुषारगिरीचे तीन धबधबे बघायला जा, पण तिथे वल्हवायचं नाही. इरुवंजिप्पुळेवर एलंतुकडवूला दोन दिवस मजेत गेले. त्याच नदीवरच्या अरिप्पारा आणि पतंकयम धबधब्यांपाशी पोहायला उतरू नका, दोन्हीकडे माणसं बुडालेली आहेत. अंगावर ओली जखम असेल तर उतरण्याआधी डॉक्टरांशी लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) बोलून घ्या, केरळात पावसाळ्यात तो आजार असतो. जळवा असतात, त्यांचं विशेष नाही. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश जातात, परतीला एक दिवस हाताशी ठेवा.

बंधाऱ्याच्या वर, डाव्या काठावर, जिथे मी मुळी धरली तिथल्या झाडाला आम्ही नारिंगी पट्टी बांधून आलो आहोत, पाण्यातून वर बघितलं की दिसेल इतक्या उंचीवर. पुराने नेली असेल तर नवी बांधा, जाताना दोन पट्ट्या जास्तच घेऊन जा.